पत्ती काढलेली सनई

माझ्या नवऱ्यानं कॅसेटची कंपनी काढली ती हौसेपोटी, असं लोक आजही म्हणतात. हौस कसली डोंबलाची. ज्या घरात भाकरी सनईच्या तोंडातून यायची त्या घरातला माणूस हौसेसाठी कंपनी काढत नाही. त्यानं पहिली विजेची पेटी बनवली ती त्याच्या थोरल्या भावाची छाती गेली म्हणून. कंपनी त्या पेटीतनं निघाली. त्या भावाचं पुढं जे झालं तेही त्या पेटीतनंच निघालं. कंपनीचं सगळे सांगतात, भावाचं कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

आमचं घर वाजवणाऱ्यांचं. सोलापुरात गिरणीच्या चाळींच्या मागं आमच्या लोकांची एक गल्ली होती, तिथं आमच्या दोन खोल्या आणि पुढं थोडं अंगण. मी मोहोळकडची, माझ्या माहेरीही हाच धंदा, त्यामुळं मला नवीन काही नव्हतं. मामंजी सनई वाजवायचे. थोरले दीर, म्हणजे माझे भावजी, सूर धरायचे. माझ्या नवऱ्यानं संबळ वाजवायचा असं ठरलेलं, पण त्याचा जीव संबळात नव्हता. तो एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचा आणि लग्नसराईत त्याला ओढून आणावं लागायचं. घरात बाई नव्हती. सासू आधीच गेलेली आणि जाऊ बाळंतपणात गेली, मागं एक पोरगी ठेवून. मी माप ओलांडून आत आले त्या दिवशी ती पोरगी माझ्या मांडीवर येऊन बसली. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं आणि ती माझीच झाली.

सूर धरणं म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, कारण बघितलेली माणसं संपली. सनया दोन असतात. एक वाजते, तिच्यावर गाणं येतं, लोक तिच्याकडं बघतात. दुसरी नुसता एक सूर धरून बसते. बोटं हलत नाहीत, चाल नाही, काही नाही. गालात वारा साठवायचा, तो सोडता सोडता नाकानं नवा श्वास आत घ्यायचा आणि सूर कुठंही तुटू द्यायचा नाही. आमच्या लोकांत पक्कं मानलं जायचं की अंतरपाट धरल्यापासून शेवटची अक्षता पडेपर्यंत सूर तुटला तर नवरीचं बरं होत नाही. खरंखोटं देवाला माहीत. पण त्या भीतीपायी सुरवाला माणूस उन्हातान्हात मान ताठ करून बसायचा, आणि लग्न उरकलं की लोक सनईवाल्याची पाठ थोपटायचे. सुरवाल्याला पाणीसुद्धा मागून घ्यावं लागायचं.

भावजींना मागायचीही लाज. तशात थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. मग ते भिंतीकडं बघून म्हणायचे, "घरात कुणी पाणी देतंय का?" मी डोक्यावरचा पदर सारखा करून पोरीला म्हणायची, "तुझ्या आबाला सांग, पाणी घागरीत हाय, घागर कुटं पळून गेली न्हाय." भावजी मिशीतल्या मिशीत हसायचे. एवढं आमचं बोलणं. पण माझ्या माहेरचं माणूस आलं की तेच आधी उठून त्यांना बसायला घोंगडं टाकायचे. मला त्या माणसाची माया होती, हे उघड सांगते.

मग तो मोठा दुष्काळ आला. लोकांना खायला नव्हतं तिथं लग्नं कोण करतो? सनया खुंटीला टांगल्या. माझ्या नवऱ्याला रेडिओच्या दुकानात थोडंफार काम होतं. मामंजींचं वय झालेलं. भावजी गेले सांगोल्याकडं दुष्काळी कामावर, खडी फोडायला. तोंडाला धोतराचा तुकडा बांधायचे, पण धुरळा तो धुरळा. सुटीला घरी आले की केसांपासून नखांपर्यंत पांढरे दिसायचे. मी पोरीला म्हणायची, तुझा आबा पिठाच्या गिरणीत पडला बघ. तेव्हा हसलो आम्ही. त्यांनी आयुष्यभर छाती मोठी करायची सवय लावून घेतली होती, आणि त्या मोठ्या छातीत दगडाची धूळ भरत होती, हे हसताना कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पाऊस झाला, लग्नं निघाली, आणि पहिल्याच लग्नात भावजींचा सूर तुटला. मी तिथं नव्हते, नवऱ्यानं सांगितलं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चाललेल्या, आणि मधेच भावजींना खोकला आला. एकदा आला तो थांबेना. नवरीचा मामा उठून आला आणि त्यानं सगळ्यांदेखत सनई त्यांच्या हातातनं ओढून घेतली.  डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात धूळ बसली आहे, आता वाजवायचं नाव काढू नका. भावजींना दुसरं काय येत होतं? गिरणीत कापसाची धूळ. विड्या वळायच्या तर तंबाखूची धूळ. मामंजींनी भावकीतला एक माणूस सुरासाठी आणायचं बोलून दाखवलं. वाईट मनानं नाही, धंदा चालायला हवा म्हणून. भावजींनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासनं ते जेवायला सगळ्यांत बसेनात. ताट उचलून अंगणात जायचे आणि पाठ करून जेवायचे.

माझ्या नवऱ्याला भाऊ म्हणजे जीव की प्राण. आई गेल्यावर याच भावानं त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. तो दुकानातनं काय काय घरी आणायला लागला. जुन्या रेडिओचे सांगाडे, तारा, एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा. चुलीपाशी बसून तारांना डाख द्यायचा, राळेचा वास माझ्या कालवणाला लागायचा. मी बोंबलायची आणि तो ऐकायचा नाही. मग एक दिवस त्या डब्यातनं आवाज आला. आधी नुसती घुरघुर, भुंगा आत अडकल्यासारखी. त्यानं एक खिट्टी पिळली तसा आवाज वर चढला, बसला, आणि एका जागी थांबला. मामंजी आतल्या खोलीतनं धावत बाहेर आले. "पोरा, वाजवायला लागलास व्हय रं?" त्यांना वाटलं भावजी वाजवतायत.

भावजी दारात उभे होते, रिकाम्या हातानं.

नवरा म्हणाला, "दादा, तू नुसतं बसायचं. सनई तोंडाला लावायची, गाल फुगवायचं. पेटी सेलवर चालती, ती घोंगड्याखाली. कुणाला कळत न्हाय."

"आनि फुकून आवाज आला तर?"

"पत्ती काढून ठेवायची."

सनईच्या तोंडाशी जी पत्ती असते तिच्यात सगळा आवाज. ती काढली की सनई म्हणजे नुसतं लाकूड.  भावजींनी पोरीकडं बघितलं, मान हलवली. त्या दिवशी ते घरात सगळ्यांबरोबर जेवले. मला वाटलं, चला, घर मार्गाला लागलं. नवऱ्याचं कौतुक वाटलं. वाटायलाच हवं होतं.

आणि खरंच कुणाला कळलं नाही. लग्नाच्या गलक्यात कोण घोंगडं उचलून बघतो? उलट लोक भावजींची तारीफ करायला लागले. काय छाती हाय ह्या माणसाची, कुटं दम खात न्हाय, असं म्हणून कुणी पान द्यायचं, कुणी खांद्यावर हात ठेवायचं. जन्मभर खरा सूर धरला तेव्हा एकानं विचारलं नाही, आणि मुका बसला तेव्हा कौतुक. घरी आल्यावर भावजी ती सनई फडक्यात गुंडाळून लगेच कोनाड्यात सारायचे, हातात धरायचे नाहीत.

नवऱ्याला मात्र पंख फुटले. एका पेटीच्या चार झाल्या. एकीतनं नगाऱ्यासारखा धप्पकन आवाज, एकीतनं घुंगरू. हार्मोनियमच्या पट्ट्या लावून एक पेटी केली, तिला भाता नव्हता. मामंजींची सनई आणि या पेट्या मिळून त्यानं टेप केलं आणि मुंबईच्या एका कंपनीत घेऊन गेला. तिथल्या साहेबानं विचारलं, सनई कोण वाजवतंय ते कळलं, बाकीचे कलाकार कोण? हा म्हणाला, बाकी पेट्या. साहेब म्हणाला, मग लेबलावर नाव कुणाचं घालू, बिस्किटाच्या डब्याचं? तसाच परत आला. दोन दिवस पेट्यांना हात लावला नाही. मग म्हणाला, आपलीच कंपनी काढू. कॅसेटी नुकत्या यायला लागल्या होत्या. त्यानं आतली खोली घेतली, दोन टेप समोरासमोर मांडले आणि कागदावर 'विजेची वाजंत्री' असं छापून घेतलं. कागद घडी करून डबीत घालायचं काम माझं. मीच कंपनीची पहिली कामगार, आणि मला कुणी आजवर विचारलं नाही की बाई, तुमचे हात दुखले का.

भावजींनी त्या खोलीत कधी पाय टाकला नाही. मामंजी गेले, तरी कॅसेटवर त्यांची सनई वाजत राहिली, आणि त्यांच्यामागं पेटीचा सूर. शहरातल्या लग्नांत लोक कर्ण्यावर कॅसेट लावायला लागले. कॅसेट जेवत नाही, भांडत नाही, मानपान मागत नाही. आमच्या लोकांची कामं सुटली. गल्लीतली माणसं दारात येऊन भांडायला लागली. नवरा म्हणायचा, "म्या न्हाय केलं तर मुंबईवाला करंल." ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, "मुंबईवाल्यानं केलं असतं तर ही माणसं त्याच्या दारात गेली असती. पाण्याला जाताना माझ्याकडं बघून थुंकली नसती." शेवटी जातीची बैठक बसली आणि ठरलं की आमच्या घरच्या कार्याला कुणी वाजवायला यायचं नाही.

त्याच सुमाराला ती बातमी आली. भावजींनी पेटी घोंगड्याखाली ठेवून ज्या मुलींची लग्नं वाजवली त्यांतली एक जळून मेली. स्टोचा भडका उडाला, असं सासरच्यांनी सांगितलं. तसंच सांगतात. भावजी बाजारातनं ऐकून आले ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. भिंतीकडं बघितलं नाही, पोरीला हाक मारली नाही.

"त्या पोरीच्या लग्नात म्या मुका बसलो हुतो," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. रीत गेली खड्ड्यात, म्हटलं बोलायचंच. "भावजी, त्या पोरीला तिच्या सासरच्यांनी जाळलं. तुमच्या डब्यानं न्हवं. मानसाच्या पापाला सूर काय करंल?"

"व्हय," ते म्हणाले. "सूर काय करंल."

पटलं नव्हतं. मामंजींमागं लग्नात बसणं सुटलंच होतं, आता ते लग्नाच्या मांडवातही पाय टाकेनात. कुठल्या मुलीची तब्येत बरी नाही, कुणाचा गर्भ पडला, कुणाला नवऱ्यानं टाकलं, सगळं ते शोधून आणायला लागले, आणि प्रत्येक घरात मनातल्या मनात तो बिस्किटाचा डबा नेऊन ठेवायला लागले. मी ओरडायची, समजवायची. नवरा म्हणायचा, दादा, खुळ्यावानी करू नकोस. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

अशात पोरीला नातेपुत्याचं स्थळ आलं. मुलगा कामाचा, शिकलेला, माणसं आमच्याच धंद्यातली. मुलाचे वडील स्वतः सनईवाले, खमके गृहस्थ. त्यांना आमच्या बैठकीचं कळलं होतं. चहा पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. तुमच्या भावकीचं भांडान तुमच्यापाशी. पर मांडव नवरीचा आनि सूर नवरीकडचा, ही आपली रीत हाय. कॅसेट लावायची न्हाय. पेटी लावायची न्हाय. गान्याची सनई नसली तरी चालंल, पर मानसाचा सूर आसंल तर अक्षता टाकतो, न्हायतर मांडवातनं पोराला घिऊन परत जातो."

सूर धरायला येणार कोण? गल्लीतलं कुणी येणार नव्हतं. बाहेरचं कुणी जातीच्या विरोधात जाणार नव्हतं. नवरा काही बोलायच्या आत भावजी म्हणाले, "म्या धरतो."

डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलेला माणूस. पण त्यांच्या तोंडावर इतकं सुख मी कधी बघितलं नव्हतं. मला कळलं की हे नुसतं लग्न लावायचं काम नाही. या माणसाला एकदा, आपल्या पोटच्या पोरीसाठी तरी, खरा सूर धरून दाखवायचाय. मग काय व्हायचं ते होवो. कोनाड्यातली सनई निघाली. त्यांनी नवी पत्ती बसवली, भिजवली, जिभेनं चाचपली. रोज सकाळी गिरणीचा भोंगा झाला की अंगणात बसायचे. आधी सूर धरवेना. खोकला यायचा, थुंकीत तांबडं दिसायचं, ते मातीनं झाकायचे. मी अडुळशाचा काढा द्यायची, मध द्यायची, शिव्याही द्यायची. पोरगी मला चिकटून म्हणाली, "काकी, मला न्हाय करायचं लगीन. आबा मरंल." मी तिला गप्प केलं. आणि हळूहळू त्यांचा सूर लांबायला लागला, हेही खरं. गल्लीतली माणसं पाण्याला जाताना आमच्या अंगणापाशी पावलं हळू टाकायची.

नवरा मात्र अगदीच निवांत दिसत होता. मी विचारलं, "काय चाललंय डोक्यात?" म्हणाला, "काय न्हाय, मांडवाची लायटिंग कशी करायची ते." खोटं बोलला.

लग्न दुपारचं. मांडवात ऊन तापलेलं, पंखे हलवून हलवून बायकांचे हात दुखलेले. भावजी बिनबायकोचे, म्हणून कन्यादान आम्ही दोघांनी करायचं. नवरा आणि मी पाटावर बसलो. भावजी बोहल्याच्या उजव्या बाजूला, धुतलेलं धोतर, नवा फेटा, मांडीवर सनई. मुलाचे वडील त्यांच्याकडंच बघत होते. अंतरपाट धरला तशी भावजींनी सनई तोंडाला लावली आणि सूर निघाला.

मी तो आवाज विसरले होते. पेटीचा सूर इतकी वर्षं ऐकून मला वाटायला लागलं होतं की सूर असाच असतो, सपाट. भावजींचा सूर तसा नव्हता. त्यात वारा होता, कुठं जरा जड, कुठं हलका, आत माणूस असल्याचं कळत होतं. मुलाच्या वडिलांनी डोळे मिटले. बायका पंखे हलवायच्या थांबल्या. एक मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. त्यांच्या गळ्याची शीर दोरीएवढी फुगली होती. मी मनात देवाला म्हणत होते, जास्त नको, शेवटच्या अक्षतेपर्यंत दे, मग माझ्या घरातनं काय न्यायचं ते ने.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि त्यांचा चेहरा काळानिळा पडला. सूर थरथरला. आणि माझ्या शेजारी नवऱ्याचा हात उपरण्याखाली गेला.

मी तो हात धरला. उशीर झाला होता. त्यानं बोहल्याखाली पेटी ठेवून तार सतरंजीच्या आतनं आपल्या पाटापर्यंत आणली होती. लायटिंग.

भावजींचा श्वास तुटला असेल नसेल, मला आजही सांगता येत नाही. कदाचित तो नुसता थरथरून परत सावरला असता. पण तेवढ्यात पेटीचा सूर आला, त्याच जागी, तसूभर इकडंतिकडं नाही, आणि मांडव भरून उभा राहिला. लोकांना आधी काहीच कळलं नाही. कळलं ते एकट्या भावजींना. त्यांनी सनई तोंडापासनं काढली. तिच्याकडं बघितलं. मग ती मांडीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसले. सूर चालूच.

भटजी अडखळले. सगळा मांडव त्या माणसाकडं बघत होता. मांडीवर सनई, मिटलेलं तोंड, आणि सूर चालू. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पुसलंही नाही. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, अगदी हळू, "बंद कर." नवऱ्यानं केलं नाही. करणार कसा? अक्षता पडायच्या होत्या. बंद केला तर सूर तुटतो. त्याची मान खाली, हात तसाच उपरण्याखाली. शेवटची ओळ झाली, अक्षता पडल्या, आणि मगच आवाज थांबला.

मुलाचे वडील उठले. मला वाटलं आता मुलाला घेऊन जातात. पण अक्षता पडल्या होत्या. ते म्हणाले, "पोरीचा दोष न्हाय, पोरगी आमची झाली. पर ह्या घराचा आनि आमचा संबंध हितं संपला." जेवले नाहीत. भरला मांडव, शिजलेलं अन्न, आणि वऱ्हाड उपाशी उठून गेलं. पोरीला माझ्या गळ्यात पडून रडूसुद्धा दिलं नाही.

त्या दिवशी मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "त्यो मरत हुता, तुला दिसत नव्हतं? माझा भाव मांडवात सगळ्यांदेखत मरत हुता." त्याचं चुकलं असं मला आजवर छातीवर हात ठेवून म्हणता आलेलं नाही. आणि बरोबर होतं असं तर कधीच म्हणता येणार नाही.

पोरीला माहेरी पाठवलं नाही. मांडवपरतणीला नाही, पंचमीला नाही, दिवाळीला नाही. भावजींनी अंथरूण धरलं. कुणी नातेपुत्याकडनं आलं की त्याला घरात बोलवायचे आणि विचारायचे, "लेक बरी हाय न्हवं?" बरी हाय म्हटलं तरी विश्वास नाही. "बगितली का तुमी? डोळ्यानं बगितली?" मी नवऱ्याला नातेपुत्याला पाठवलं. त्याला दारातनं परत लावलं. मी गेले तर मला पोरगी भेटली, ओसरीवर, सासूसमोर. बरी होती. हसतीखेळती होती. परत येऊन भावजींना शपथेवर सांगितलं. ते म्हणाले, "तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगताय." नवऱ्याची कंपनी तेव्हा जोरात चालली होती, दिवसभर आतल्या खोलीत टेप फिरायचे. भावजींची खाट बाहेरच्या खोलीत. मधलं दार लावून घेतलं तरी आवाज यायचाच.

शेवटी डॉक्टरांनी आशा सोडल्यावर मी निरोप धाडला, की आता तरी पाठवा. सनईवाला माणूस खमका होता पण दगड नव्हता. त्यांनी तिला स्वतः एसटीत बसवून दिलं. पोरगी आली. अंगावर तेज, हातभर चुडा, पोटाशी चौथा का पाचवा महिना. मी तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हटलं, आता या माणसाचा जीव निवेल.

ती खाटेजवळ बसली. भावजींना आता नीट दिसत नव्हतं. ती म्हणाली, "आबा, म्या आली. म्या बरी हाय, आबा. बगा की."

भावजी ऐकत राहिले. तिनं परत सांगितलं, त्यांचा हात हातात घेऊन. ते मान जराशी वळवून, माझा नवरा दारात उभा होता तिकडं बघायला लागले. त्याच्याशी ते लग्नापासनं एक शब्द बोलले नव्हते.

"खरं सांग," ते त्याला म्हणाले. "ही पोरगी बोलतीया, का तू पेटी लावलीस?"

 पोरगी रडायला लागली, मी ओरडून सांगत होते की भावजी, तीच हाय, तिचा हात तुमच्या हातात हाय. त्यांनी तो हात सोडला आणि भिंतीकडं कूस केली. त्याच आठवड्यात ते गेले.